आईचा शालू आणि लेकीचा स्कार्फ

आपल्याकडे स्कार्फ म्हणजे उन्हाचं कापड. एप्रिल-मेमध्ये जळगाव जामोदच्या बसस्टँडवर उभे राहा, डोळे सोडून सगळं तोंड बांधलेल्या पोरी दिसतील. बाजारात शंभर-दीडशेला मिळतो, एक उन्हाळा टिकला तरी पैसे वसूल. त्यामुळे दिवाळीला पुण्याहून आलेल्या लेकीने बॅगेतून एक चौकोनी रेशमी कापड काढलं आणि त्याची किंमत अडीच हजार सांगितली, तेव्हा घरात जे व्हायचं तेच झालं.

"काऊन वं पोरी, येवढ्याशा फडक्याले अडीच हजार? अन् तेही कोणाचं तरी उतरलेलं?" आईने विचारलं.

"आजी, याला व्हिंटेज म्हणतात," लेक म्हणाली आणि माहिती देत सुटली. पॅरिसच्या एर्मेस कंपनीने १९३७ साली पहिला रेशमी स्कार्फ काढला, नव्वद बाय नव्वद सेंटिमीटरचा, आणि तेच माप जगात चाललं. हिचा काही एर्मेसचा नव्हता, एवढी ऐपत ना तिची ना माझी. पण परदेशी डिझायनरचा होता, जुना होता. घेताना काय बघायचं तेही तिने सांगितलं. कडा मशीनवर मारलेली नको, हाताने गुंडाळून तुरपाई केलेली पाहिजे. छपाईचा रंग मागच्या बाजूलाही उतरलेला पाहिजे. घडीवर चिरा नकोत.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग कडेचा निघालेला एक धागा ओढला, देवापुढची काडेपेटी घेतली आणि धागा पेटवला. केस जळाल्यासारखा वास आला. राख बोटावर चुरली तर पार भुगा झाली. "रेशीम हाय," आई म्हणाली. नायलॉन-पॉलिस्टर असतं तर वितळून टणक गोळी झाली असती. ही परीक्षा तिला कोणी इंटरनेटवर शिकवली नव्हती.

आणि मग ती उठून आतल्या खोलीत गेली. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तिच्या लग्नातला शालू होता. १९७५ चा. लाल, बनारसी, जरीच्या बुट्ट्यांचा, बऱ्हाणपुरातून आणलेला.

हा शालू मी सोळा वर्षांनी बघत होतो. बाबा गेले त्या वर्षी तो पेटीत गेला तो गेलाच.

आईने घडी उलगडली आणि घडीच्या रेषेवरच तो कराकरा फाटला. रेशमाचं असंच असतं. एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलं की त्या रेषेवर तंतू तुटतात, जरीच्या वजनाने आणखी लवकर. दोन-तीन महिन्यांनी घडी बदलायची, सुती कापडात गुंडाळायचं, अत्तर-सेंट जरीला लागू द्यायचा नाही, डांबराच्या गोळ्या कापडाला टेकवायच्या नाहीत, हे आईला सगळं माहीत. मग घडी का बदलली नाही, असं मी विचारणार होतो. विचारलं नाही. उत्तर मलाच कळलं. जे आता घालायचंच नाही ते सारखं सारखं कोण उलगडून बघेल?

आईने सांगितलं, मागच्या वर्षी "जुनी जर, शालू, पैठणीऽऽ" ओरडत एक जण गल्लीत आला होता. हे लोक कापड बघत नाहीत. खरी जर म्हणजे चांदीची तार चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, वरून सोन्याचा मुलामा. ते शालू जाळतात आणि चांदी काढतात. आई शालू घेऊन दारापर्यंत गेली होती, अन् तशीच परत आली.

"काप," ती नातीला म्हणाली. "पेटीत ठिवून तरी काय कराचं हाय?"

इथे एक गोष्ट कबूल करायची आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून बाकी गावांनीही हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. मी त्यावर जोरदार लिहिलं. आपल्या तालुक्यातल्या ग्रामपंचायती कधी ठराव घेणार, असा सवालही केला. ती बातमी आईने चष्मा लावून वाचली होती. आणि मी, बातमी लिहिणारा, एकदाही तिला विचारलं नव्हतं की आई, तुझा शालू कुठे आहे?

आमच्या ओळखीचा टेलर कात्री लावायला तयार होईना. "लग्नाचा शालू हाय भाऊ, पाप लागीन." शेवटी आईने स्वतः खडूने रेषा मारून दिली. चिरा गेलेला भाग सोडला. पदरातून लेकीसाठी एक चौकोन निघाला आणि काठाच्या बाजूने एक लांब पट्टा. जुनं रेशीम ओढलं की फाटतं म्हणून मागे मऊ सुती अस्तर लावलं, कडा हातानेच तुरपली. शिलाई साडेतीनशे रुपये.

लेक म्हणाली, "पप्पा, पुण्यात असे जुन्या साडीचे स्कार्फ हजारात जातात." जातही असतील. पण ही फॅशन काही पॅरिसहूनच आली असं नाही. सतराव्या शतकात तावेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या बऱ्हाणपूरला आला होता. त्याने लिहून ठेवलंय की इथलं फुलांचं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जातं आणि तिकडच्या बायका त्याच्या ओढण्या अन् स्कार्फ करतात. सातपुड्याच्या पलीकडे, आपल्या शेजारच्या गावाची ही गोष्ट. आपण मात्र तिथलंच कापड चांदीच्या भावात जाळायला देतो.

तो लांब पट्टा आईने महिनाभर कपाटातच ठेवला. "लोकं काय म्हणतीन?" हे रोजचं. नात्यातल्या एका लग्नाला निघताना नातीने तिच्या फिकट साडीवर तो गळ्यात घातला आणि आईने काढला नाही.

मंडपात काय झालं ते खरं सांगतो. दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. एका आजीबाईने, त्याही एकट्याच, जवळ येऊन जरीवरून हात फिरवला, काही बोलल्या नाहीत. हळदी-कुंकवाचं ताट फिरलं तेव्हा नेहमीसारखं आईला ओलांडून पुढे गेलं. एका स्कार्फने ते ताट थांबलं नाही. पण आई उठून मागच्या खुर्चीवर गेली नाही. दरवेळी जाते. जेवण होईपर्यंत तो लाल पट्टा तिच्या गळ्यात होता.

मित्रहो, परिपत्रक हे आवाहन असतं. ते ग्रामपंचायतीत पोहोचतं, पेटीपर्यंत पोहोचत नाही. पेटी आपल्यालाच उघडावी लागते. तुमच्याही घरात आई, काकू, मावशी, आत्या यांच्यापैकी कोणाचा शालू किंवा पैठणी अशी पडून असेल. पूर्ण साडी नेसण्यासारखी असेल तर कापू नका, नेसू द्या. फाटली असेल तर तिचा स्कार्फ करा. पण आधी तिला विचारा, कारण ती वस्तू तिची आहे. आणि जरवाला गल्लीत यायच्या आधी विचारा.