दोन्ही अर्थ बसणारं वाक्य

शब्दाचा ‘खरा, मूळ अर्थ’ विचारणाऱ्यांची मला जरा धास्तीच वाटते. त्यांना बहुधा एखादा वाद जिंकायचा असतो. माझी उमेदीची वर्षं इंग्रजी शब्दांचे अर्थ कसे पालटले हे शोधण्यात गेली, पण मला ओढ राहिली ती अर्थ सरकतो त्या जागेची.

‘बीड’ हा शब्द घ्या. (आपल्या बीड जिल्ह्याशी किंवा बिडाच्या तव्याशी त्याचं काही नातं नाही.) आज त्याचा अर्थ मणी, जुन्या इंग्रजीत मात्र प्रार्थना. मध्ययुगात इंग्लंडचे भाविक माळेवर प्रार्थना मोजत, एका प्रार्थनेला एक मणी. अमुक माणूस ‘बीड’ मोजतोय असं कुणी म्हटलं, तर म्हणणाऱ्याच्या मनात प्रार्थना असायची आणि ऐकणाऱ्याला दिसायचे ते बोटांतून पुढे जाणारे मणी. चुकलं कुणाचंच नाही. अशी दोन्ही अर्थ बसणारी वाक्यं आम्ही हुडकत असतो. ज्या वाक्यात बीड काचेचे आहेत, दोऱ्यात ओवले आहेत, तिथवर पोहोचेपर्यंत बदल केव्हाच होऊन गेलेला असतो.

‘डिअर’ म्हणजे पूर्वी कुठलाही प्राणी. जर्मन ‘टिअर’ आजही तेच सांगतो, आणि शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये उंदीर-घुशीसुद्धा डिअरच आहेत. पुढे उरलं फक्त हरीण. आपल्याला याचं नवल वाटू नये. संस्कृतातला मृगही आधी रानातला कुठलाही पशू होता. म्हणून तर सिंह मृगेंद्र आणि वानर शाखामृग. गावाकडे ‘जनावर निघालं’ म्हटल्यावर गाय निघाली असं कोण समजतं?

पुरावा शेवटी वाक्याचाच. १९२८ साली पूर्ण झालेल्या ऑक्सफर्डच्या कोशासाठी वाचकांनी पुस्तकांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर हाताने उतरवून पाठवली, तीही लाखोंनी. आता संगणक शब्दाच्या वापराचा आलेख क्षणात काढून देतो. तो मी वापरते, पण जपून. १८०० च्या आधीच्या इंग्रजी छपाईत ‘एस’ अक्षर पुष्कळदा लांब, ‘एफ’सारखं दिसणारं असे, यंत्र ‘बेस्ट’चं ‘बेफ्ट’ वाचतं. मग त्या सुमारास ‘बेस्ट’ची रेघ एकाएकी वर उसळते. भाषेत काहीच घडलेलं नसतं, छापखान्यांनी खिळा बदललेला असतो. विद्यार्थी असा देखणा आलेख घेऊन आले, की मी त्यांना आधी मूळ पानाचं छायाचित्र उघडायला लावते.