बडोद्याचा बाजार आणि कानामागचा रंग

आपल्या भागातून बडोद्याला जाणं वाटतं तितकं अवघड नाही. म्हैसूरहून अजमेरला जाणारी एक्स्प्रेस हुबळी, धारवाड करत बेळगावला येते आणि मिरज, पुणे, वसई, सुरत असा मोठा वळसा घेत थेट बडोद्याला नेऊन सोडते. बसल्या जागी तीन भाषा होतात. हुबळीकडचं कन्नड मिरजेपर्यंत पुरतं, मग मराठी, आणि सुरतेनंतर डब्यात 'केम छो' सुरू होतं. गंमत अशी, की बडोद्याला उतरून रिक्षानं दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात शिरलं की पुन्हा मराठी! गायकवाडांच्या काळापासून तिथं राहिलेली ही घरं. त्यांच्या मराठीत गुजराती शब्द इतके मुरलेत, की आपल्याला ऐकताना मजा वाटते. आपल्या मराठीत कन्नड किती मुरलंय हे त्यांना ऐकू येतं, आपल्याला नाही.

माझी आत्या खानापूर तालुक्यातली. लग्न होऊन दांडिया बाजारात गेली त्याला आता पन्नास वर्षं होतील. मराठी सासर, गुजराती शेजार आणि माहेरचं कन्नड, असा तिचा संसार. मी गेले की उंबऱ्यातच "यावाग बंदी?" म्हणून सुरू होते आणि सूनबाई हसत आत जाते. यंदा नवरात्राच्या आधी गेले होते. आत्याची मुलगी, म्हणजे माझी आतेबहीण, त्याच शहरात दिली आहे. तिच्या तेरा वर्षांच्या लेकीसाठी दोन खरेद्या करायच्या होत्या. एक गरब्याची चणिया-चोळी आणि दुसरी कानाची.

या भाचीला जन्मापासून दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. दीड वर्षाची असल्यापासून ती यंत्र लावते. घरात 'श्रवणयंत्र' असं कुणीच म्हणत नाही. मराठीत कानाचं मशीन, गुजरातीत काननुं मशीन आणि आत्याच्या तोंडी किवी मशिन. आतापर्यंतची तिची सगळी यंत्रं एकाच रंगाची होती. अंगाच्या साबणाची वडी वापरून वापरून उरते ना, तसा फिकट, पिवळट गुलाबी रंग. त्याला म्हणतात 'स्किन कलर'. कुणाच्या कातडीचा? आमच्या घरात तरी त्या रंगाचं कुणी नाही. गव्हाळ, सावळ्या कानामागं ते यंत्र उलट लांबून दिसतं.

म्हणून मग वेण्या. माझी बहीण रोज सकाळी लेकीच्या दोन वेण्या अशा घालायची, की कान पूर्ण झाकले जावेत. तिचा हेतू वाईट नव्हता. मुलीची जात, पुढं स्थळं बघायची, चार लोक काय म्हणतील, हे सगळं तिच्या कंगव्यात होतं. पण झालं असं, की वर्गावर नव्यानं आलेल्या बाईंना महिनाभर पत्ताच लागला नाही. हाक मारली तर बघत नाही, उद्धट आहे, असा शेरा वहीत लिहून आला. शाळेचं नाव इथं नको. बाईंची तरी काय चूक? दिसेल तसंच काही ठेवलं नव्हतं.

दवाखाना घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. वाटेत कलाभवनाचा परिसर लागतो. सयाजीराव महाराजांनी १८९० साली हे कलाभवन काढलं आणि त्याची धुरा त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाकडं दिली. कापड रंगवणं आणि छापणं हा तिथल्या शिक्षणातला मोठा विषय. रंग म्हणजे नटवेपणा नव्हे, ती पोटापाण्याची विद्या आहे, असा तो विचार होता. आपले दादासाहेब फाळके इथलेच विद्यार्थी. आज तिथं विद्यापीठाचं इंजिनिअरिंग आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यातून दत्तक आलेल्या या राजानं १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्याच्या काळात मूकबधिर मुलांसाठीही संस्थानात शाळा होती. हे मी चालता चालता भाचीला सांगत होते. ती माझ्या ओठांकडं बघत होती, रस्त्याकडं नाही, तेव्हा बहीण ओरडली, "अगं, समोर बघ, रिक्षा!"

दवाखान्यातल्या श्रवणतज्ज्ञ बाई गुजराती, वयानं तरुण. कानामागच्या यंत्राला तीन भाग असतात: कानामागं बसणारी डबी, तिच्यातून निघणारी बारीक नळी, आणि कानात बसणारा मोल्ड. हा मोल्ड ज्याच्या त्याच्या कानाच्या मापाचा. आधी दोरा बांधलेला कापसाचा छोटा बोळा कानात आत सरकवतात, मग पिठाच्या गोळ्यासारखं मऊ सिलिकॉन पिचकारीनं भरतात. काही मिनिटांत ते घट्ट होतं, की कानाचा ठसा बाहेर. त्यावरून मोल्ड तयार होऊन येतो. वाढत्या मुलांचा कान वाढतो आणि मोल्ड सैल होतो. सैल झाला की यंत्र शिट्टी मारायला लागतं. म्हणून तान्ह्यांचे मोल्ड तर काही महिन्यांनीच बदलावे लागतात.

ठसे घेऊन झाले आणि बाईंनी चाव्यांच्या जुडग्यासारखं नमुन्यांचं एक जुडगं टेबलावर ठेवलं. पारदर्शक, तपकिरी, काळा, मोरपंखी, जांभळा, दोन-तीन रंग एकमेकांत फिरवलेले, चमकी घातलेले.

"कयो रंग जोइए?"

"स्किन कलर," माझी बहीण म्हणाली.

बाईंनी मान हलवली, खुर्ची फिरवली, मुलीच्या बरोबर समोर बसल्या आणि तोच प्रश्न पुन्हा सावकाश विचारला. कयो रंग जोइए? कुठला रंग हवा? याव बण्ण बेकु? आपल्या तिन्ही भाषांत किती साधा प्रश्न आहे हा. साडीच्या दुकानात दिवसातून शंभर वेळा ऐकू येतो. या मुलीच्या कानाबद्दल आजवर डॉक्टरांनी, आईनं, आजीनं सगळं ठरवलं होतं. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

तिनं फार वेळ घेतला. बहीण घड्याळ बघायला लागली. शेवटी म्हणाली, "उजवा लाल, डावा निळा."

मला वाटलं, पोरखेळ. पण बाई हसल्या आणि म्हणाल्या, हिनं तर आमच्याच धंद्याचे रंग निवडले! जगभर हीच पद्धत आहे. उजव्या कानाच्या यंत्रावर लाल ठिपका, डाव्यावर निळा. कान तपासणीच्या आलेखावर उजव्या कानाची खूण लाल आणि डाव्याची निळी. भाचीनं इतकी वर्षं ते ठिपके बघितले होते. तिला ठिपक्याऐवजी अख्खा रंग हवा होता, एवढंच. बॅटरीच्या सेलवरचे कागदी पट्टेसुद्धा रंगानंच ओळखतात: १० नंबरचा पिवळा, ३१२ चा तपकिरी, १३ चा नारिंगी, ६७५ चा निळा. म्हणजे रंगाचं या कामाला वावडं नाही. वावडं आपल्याला.

आणि तेही पूर्वापार नाही. गोव्यावर ज्याची सत्ता होती त्या पोर्तुगालच्या सहाव्या जुआंव राजाला कमी ऐकू यायचं. १८१९ च्या सुमारास लंडनच्या रेन या कारागिरानं त्याच्यासाठी एक सिंहासन बनवलं. त्याच्या हातांच्या टोकांना जबडा उघडलेले सिंह कोरले होते. बोलणाऱ्यानं त्या जबड्यात बोलायचं. आवाज पोकळ हातांतून फिरून नळीनं राजाच्या कानाशी. म्हणजे बहिरेपण लपवलंही आणि मिरवलंही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडातल्या बायका दुखवट्यात असल्या, की कानाशी धरायच्या कर्ण्यालाही काळं रेशीम लावायच्या. चष्म्याच्या दांडीत यंत्र बसवायची टूम १९५० च्या दशकात निघाली, तिथून लपवाछपवी जास्त वाढली असं माझं मत आहे. आकार लहान होत गेला ही चांगलीच गोष्ट, पण 'दिसत नाही' हीच जाहिरात होऊन बसली.

दुसऱ्या दिवशी बाजार. बडोद्याचं जुनं शहर मांडवीभोवती बसलेलं, चार बाजूंना चार दरवाजे. न्यायमंदिराची जुनी इमारत मागं टाकून लहरीपुरा दरवाज्याकडं गेलं, की मंगळ बाजार आणि पुढं नवा बाजार. नवरात्राच्या आधी इथं पाय ठेवायला जागा नसते. आरसे, कवड्या, बांधणी, काळपट चांदीसारखे ऑक्सिडाइज्डचे झुमके टोपल्यांनी. घासाघीस चालू. मध्येच सेव-उसळ खाऊन घेतली. ही उसळ मराठी की गुजराती यावर बडोद्यात वाद घालू नये, उसळ गार होते.

इथं खरी अडचण आली. जड झुमक्यानं पाळी खाली ओढली जाते, कानाचा आकार हलतो, मोल्ड सैल पडतो. शिवाय धातूचा झुमका यंत्रावर आपटला, की तो खणखणाट थेट कानात. आत्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघत होती. ती एकदम म्हणाली, "वेल बघ की!" वेल म्हणजे कानातल्याला अडकवून कानावरून केसांत खोचायची साखळी, आपल्याकडच्या कन्नड घरांत तिला माटी म्हणतात. जड कुड्यांचा भार केसांवर जावा म्हणून ती असते. तिची वाट बरोबर यंत्राच्या वाटेनंच जाते! फक्त धातूची नको. तीन-चार दुकानं फिरून रेशमी दोऱ्याची, बारीक आरसे लावलेली, वजनाला पिसासारखी एक वेल मिळाली. ती कानावरून नेली, की डबी तिच्या आतल्या अंगाला बसते, जागची हलत नाही आणि दोन्ही मिळून एकच दागिना वाटतो.

घामाचा प्रश्न राहतोच. गरबा म्हणजे दोन-तीन तास गोल फिरणं. त्यासाठी डबीवर चढवायचे कापडी मोजे मिळतात, रंगीतही मिळतात. यंत्र पडू नये म्हणून दोन्ही यंत्रांना बांधायची दोरी असते, तिचा चिमटा मागं कॉलरला लावतात. चोळीला कॉलर कुठली? बहिणीनं मानेच्या मागं, जिथं चोळीचे लटकण बांधतात, तिथं एक छोटा फास शिवून घेतला. दोरी निळी-लाल निवडली. हो, बहिणीनंच.

ज्यांच्या घरी असं यंत्र आहे त्यांच्यासाठी बाईंनी सांगितलेलं थोडं इथं टिपून ठेवते. मोल्डच्या रंगानं आवाजात काही फरक पडत नाही, तेव्हा निर्धास्त निवडावा. डबीवर चिकटपट्टी किंवा स्टिकर चालतात, पण मायक्रोफोनची बारीक भोकं आणि सेलचं झाकण मोकळं हवं. नेलपॉलिश आणि डिंक अजिबात नको. त्यातलं रसायन आत गेलं तर यंत्र कामातून जातं. अगदी लहान मुलांच्या यंत्राला मणी-टिकल्या लावू नयेत, तोंडात जातात. आणि सेल गिळणं तर जिवाशी खेळ. कुणाला यंत्र दिसू द्यायचंच नसेल, तर कातडीपेक्षा केसांशी रंग जुळवावा, कारण डबी केसांजवळ असते. काळ्या केसांना काळी किंवा गडद तपकिरी, पिकल्या केसांना राखाडी. लपवण्यात काही पाप नाही. फक्त लावणाऱ्यानं ठरवावं.

केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून, शिबिरातून मिळणाऱ्या यंत्रात रंग निवडायची सोय बहुतेक वेळा नसते. तरी मोल्ड बनवताना विचारून बघायला हरकत नाही. आपल्या लोकांना तपासणीसाठी म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे, १९६५ पासूनची; मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची. बडोद्याला नेणारी ती गाडी दुसऱ्या टोकाला म्हैसूरलाच जाते.

निघायच्या आदल्या दिवशी संखेड्याचा एक लाकडी डबा घेतला. संखेडा बडोद्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, आता छोटा उदेपूर जिल्ह्यात. कातलेल्या लाकडावर तांबडं-सोनेरी काम. आपल्या चन्नपट्टणच्या किंवा सावंतवाडीच्या लाखकामाची आठवण यावी असं. रात्री यंत्र त्यात ठेवायचं असं भाचीनं ठरवलंय. लाकडी डबा हवाबंद नसतो, म्हणून आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची झाकणाची डबी ठेवायची आणि यंत्र त्या डबीत.

मोल्ड नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी आले. त्या रात्री बहिणीनं लेकीची एकच वेणी घातली, मागं, उंच. गरब्याच्या रिंगणात पुढचीच्या पावलांवर नजर ठेवून भाची नाचते. ढोल तिला कानापेक्षा तळपायांतून जास्त कळतो म्हणते. दोन मैत्रिणींनी वेल कुठून घेतली विचारलं. एकीनं लाल मोल्ड बघून हे काय म्हणून विचारलं, तर हिनं काढून हातात दिला. बहीण लांबून बघत होती, काही बोलली नाही. घरी परतताना रिक्षात मात्र बराच वेळ गप्प होती. स्थळांची काळजी एका वेणीनं जात नसते, हे मलाही कळतं.

राहता राहिली आत्या. तिलाही गेली चार-पाच वर्षं नीट ऐकू येत नाही. टीव्ही मोठा, फोन उचलला की "यारु? कोण?" दोनदा. मशीनचं नाव काढलं की विषय कानामागं टाकते. त्या रात्री नातीच्या कानातून लाल मोल्ड काढून तिनं उजेडात धरला, बोटानं दाबून बघितला. मग मला कन्नडमध्ये विचारलं, यात अबोली मिळते का? मिळते की नाही ते बाईंना विचारायला हवं. तिच्या कानाचा ठसा पुढच्या मंगळवारी घ्यायचं ठरलंय.