सूप रिकामे झाले की…

शाळामास्तराच्या नशिबी एक सुख मोठे असते. शिपायाने टोल दिला, की तास संपतो! मी मॅट्रिकपुढे शिकलो नाही, पण एम. ए. होऊन धुळ्याला प्रबंध लिहिणाऱ्या माझ्या भाचीला हे सुख नाही. राजवाडे संशोधन मंडळातले जुने कागद चाळायचे, रात्र रात्र जागायचे. परवा म्हणाली, "मामा, निंदणीसुद्धा सरते हो, हे सरतच नाही. जेवायला बसले, तरी चोरी केल्यासारखं वाटतं."

दुखणे कष्टांचे नव्हे, कष्टांना माप नसल्याचे आहे.

अशा वेळी मला बहिणाबाई आठवतात. आसोद्याची ही लेक (१८८०–१९५१) शाळेत कधी गेली नाही. दळता-कांडता, शेतात राबता राबता तिला गाणी सुचली. जळगावच्या १९९० सालच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये तिचेच नाव मिळाले. जाते म्हणजे कष्टच. पण पाहा ना, जात्यात कोणी पायली एकदम ओतीत नाही. मूठमूठ वैरण घालायची, सूप रिकामे झाले की उठायचे. खुंट्याला दुसरा हात लागला, तर जाते हलके फिरते.

मी तिला म्हटले, "बाई, रोजचे सूप आधी ठरव. दोन पाने झाली, की वही मीट. मैत्रिणीला शेजारी बसव. अडले, तर तुझ्या सरांना मोकळेपणी सांग. तरीही झोप उडालीच, तर डॉक्टर आहेत. टेलिमानसचा १४४१६ हा फुकट फोन आहे. तापाला औषध घेताना आपण लाजतो का?"

आजच्या भाकरीपुरते पीठ झाले, की जात्यावर फडके टाकावे. पहाट काय, उद्याही होणारच आहे.