ईस्टरला मंदिराला कुलूप का होतं

खर्डा, ता. जामखेड, जि. अहिल्यानगर

चि. सोनू हिस,



तू विचारलं आहेस की १२ एप्रिल २०२०च्या ईस्टरला आपल्याकडची सगळी ख्रिस्तमंदिरं सरकारच्या एका हुकमावर मुकाट्याने बंद राहिली, ती विश्वासाने की भीतीने? तिकडे लॉस एंजेलिसमधल्या एका मोठ्या मंडळीने त्याच वर्षी हुकूम झुगारून उपासना चालू ठेवली, कोर्टात गेली आणि २०२१ मध्ये तडजोडीत वकिलांच्या खर्चापोटी आठ लाख डॉलर मिळवले. तिथली मंडळी याला विवेकाचा विजय म्हणतात आणि आपल्या लोकांना भित्रे समजतात, असं तुझ्या लिहिण्यावरून दिसतं. मला ही मांडणीच चुकीची वाटते. मंदिर बंद ठेवणं बरोबर होतं. पण तेवढ्याने आपलं कर्तव्य संपलं असं जे धरून चालतात, तेही चुकतात. हे कळायला त्या हुकमाचा इतिहास पाहावा लागतो.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने जो साथरोग कायदा लागू केला, तो १८९७च्या फेब्रुवारीत मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी घाईने केलेला होता. जेमतेम चार कलमांचा कायदा. सरकारला योग्य वाटतील ते नियम करायची मुभा, मोडणाऱ्याला शिक्षा आणि शेवटच्या कलमात ग्यानबाची मेख: सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही. या कायद्याच्या जोरावर वॉल्टर रँड याच्या प्लेग कमिटीने पुण्यात गोरे सोल्जर घराघरांत घुसवले, हे शाळेत सगळेच शिकतात. त्याच महिन्यांत एका ख्रिस्ती बाईने काय केलं, हे मात्र ख्रिस्ती घरांतही फारसं कुणाला ठाऊक नसतं.

पंडिता रमाबाईंचं शारदा सदन तेव्हा पुण्यात होतं. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून त्यांनी शेकडो मुली वाचवून आणल्या होत्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे एवढ्या मुली पुण्यात ठेवता येईनात, तेव्हा बाईंनी आरडाओरडा केला नाही. केडगावच्या माळावर झोपड्या उभारून मुलींना तिकडे हलवलं. आजचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं. म्हणजे नियम गैरसोयीचा होता तरी तो जीव वाचवण्यासाठी आहे हे त्यांनी मानलं. पण त्यांच्याच आश्रमातली एक मुलगी प्लेगच्या सरकारी इस्पितळात नेली गेली आणि तिची वाताहत झाली. मग मे १८९७ मध्ये मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात बाईंनी आपल्या नावानिशी पत्र छापलं. सरकारी इस्पितळात आणि छावणीत बायकांच्या अब्रूची काय दशा होते, ते त्यांनी आडपडदा न ठेवता मांडलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते पत्र अत्यंत चुकीचं आणि दिशाभूल करणारं ठरवलं. दाव्याची वाट कायद्यानेच बुजवली होती. उरला होता तो छापील कागद आणि खालची सही.

माझं म्हणणं एवढंच आहे की मुलींना हलवणं आणि पत्र छापणं या दोन कृती एकाच आज्ञेतून निघतात. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहायला सांगतो, हे आपल्याला तोंडपाठ असतं. त्याच अध्यायाच्या पाचव्या वचनात पौल त्याचं कारण देतो आणि ते नुसतं शिक्षेचं भय नाही; सदसद्विवेकबुद्धीसाठीही अधीन राहा, असा त्याचा आशय आहे. जी अधीनता विवेकातून येते ती विवेकाला गप्प कशी बसवील? पौलाने हे लिहिलं तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता. आणि हाच पौल फिलिप्पैत कसा वागला ते प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात वाच. भूकंपाने तुरुंगाची दारं उघडली तरी तो पळाला नाही. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप निघून जायचा निरोप पाठवला, तेव्हा तो अडून बसला: रोमी नागरिकांना चौकशीवाचून फटके मारलेत, आता स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्या. रमाबाईंचं पत्र याच जातीचं आहे.

यावर कुणी म्हणेल की विवेक चुकतोही. २२ जून १८९७ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडणाऱ्या चापेकरांनाही आपण धर्मकार्य करतो असंच वाटत होतं. मग कुणाचा विवेक खरा? हा आक्षेप मला वजनदार वाटतो आणि विवेक म्हणजे देवाचा थेट आवाज असं म्हणून तो उडवून लावता येत नाही. पण विवेक कसा वागतो यावरून बरंच कळतं. रमाबाईंनी जे लिहिलं त्यातला एखादा तपशील चुकीचा असूही शकला असता. गव्हर्नरांना तो खोडायची संधी होती, कारण आरोप उजेडात होता आणि आरोप करणारी समोर उभी होती. ज्याच्यावर गोळी झाडली त्याला उत्तर द्यायची सोय राहत नाही. बाई चर्चशीही अशाच वागल्या होत्या, हे विसरू नकोस. १८८३ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर वॉन्टेजच्या धर्मभगिनींना त्यांनी स्पष्ट कळवलं होतं की माझी बुद्धी मी कुणाकडे गहाण ठेवलेली नाही.

दुसरा आक्षेप तेराव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनावर आहे. सत्ता देवाने नेमलेल्या असतात म्हणजे जो गादीवर बसेल तो देवाचा माणूस का? हे खर्ड्यात बसून मान्य करणं जरा कठीणच. मार्च १७९५ मध्ये हैदराबादचा निजाम इथल्या किल्ल्यात कोंडला गेला आणि मराठ्यांना दौलताबादचा किल्ला, पैसा आणि आपला दिवाण देण्याचं कबूल करून सुटला. पुढच्याच वर्षी पुण्यातल्या भाऊबंदकीत त्यातलं बरंचसं सोडून द्यावं लागलं आणि दिवाणही सुटला. पाव शतकाच्या आत पेशवाई बुडून इंग्रज आले. देवाने नेमलं ते राज्य करण्याचं काम, अमुक घराणं नव्हे, एवढाच अर्थ घेतला तर ते वचन या गावाच्या इतिहासापुढे टिकतं.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या ख्रिस्ती लोकांची सरकारनिष्ठा नुसती लाचारी होती, असं काही जण आज म्हणतात. त्यांनी गावकीकडे पाहिलेलं नसतं. इथले बहुतेक ख्रिस्ती महार समाजातून आलेले. त्यांच्या डोक्यावरची रोजची सत्ता पाटलाची आणि वतनाची होती, लंडनची नव्हे. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही, हे १८५०च्या कायद्याने ठरवलं. गावाने आपणहून ते कधीच दिलं नसतं. अशा माणसाने सरकारचा आधार धरला तर त्यात विवेकाचा पराभव कुठे आला? रमाबाईंजवळ विद्या होती, नाव होतं, परदेशी मित्र होते. तितकी किंमत मोजण्याची अपेक्षा प्रत्येकाकडून करणं मला अन्यायाचं वाटतं.

किंमत मोजणाऱ्यांचीही सरळ रेघ नसते. फादर विन्स्लो यांनी १९२२ मध्ये नगर भागात सुरू केलेला ख्रिस्त सेवा संघ पुढे पुण्याला गेला. तिथे १९२७ला आलेल्या व्हेरिअर एल्विनने १९३० मध्ये सत्याग्रहाच्या बाजूने पुस्तक लिहिलं. पुढे तो गोंडांमध्ये कामाला गेला; नागपूरच्या बिशपने राजनिष्ठेची शपथ मागितली तेव्हा त्याने ती नाकारली आणि तो धर्मसेवेच्या परवान्याला मुकला. पण १९३२ मध्ये इंग्लंडहून परतण्यासाठी राजकारणापासून दूर राहण्याचं लेखी वचन मात्र त्याने सरकारला दिलं, कारण त्याशिवाय गोंडांमध्ये काम करता येत नव्हतं. मी त्याला दोष देत नाही. शपथ घेतली असती तर जे मनात नाही ते तोंडाने बोलावं लागलं असतं. वचनात फक्त काही गोष्टी न करण्याची हमी होती.

आता तुझ्या लॉस एंजेलिसकडे येऊ. आपल्या संविधानाच्या २५व्या कलमात विवेकाचं स्वातंत्र्य आहे आणि ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे. यातला आरोग्याचा अपवाद मला अपमानकारक वाटत नाही. ज्या तालुक्यात आरोळे डॉक्टर दांपत्याने १९७० पासून स्वच्छ पाणी आणि बाळंतिणीची काळजी हेच ख्रिस्ती काम मानलं, तिथे साथीत मंदिराला कुलूप लावणं ही शरणागती कशी? शेजाऱ्याला आजार देऊन गायलेली स्तोत्रं देवाला कशाला हवीत? हुकूम उपासनेचा द्वेष करणारा असता, किंवा इतरांना मोकळीक देऊन फक्त आपल्याला लागू केला असता, तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा मी तुझ्या तिकडच्या लोकांबरोबर उभा राहिलो असतो. तू मात्र एक प्रश्न विचारायला विसरलीस. त्याच टाळेबंदीत हजारो मजूर महामार्गांवरून पायी गावी निघाले, काहींनी पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या. त्यांच्यासाठी आपल्यातल्या किती मंडळ्यांनी स्वतःच्या सहीनिशी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, हे तू विचारलं असतंस तर मला उत्तर द्यायला जड गेलं असतं.

तुझा,
मामा