मधल्या सिलिंडरची रिंग

सेकंड इयरच्या ओरलला सरांनी विचारलं, "पिस्टनवरच्या दुसऱ्या रिंगचं काम काय?" मी धाडधाड सांगितलं. वरची रिंग गॅस अडवते, खालची ऑईल रिंग तेल खरवडते आणि मधली दोन्ही कामांत हातभार लावते. सर खूश! त्या आनंदात मी रूम-पार्टनरला मेसमागच्या टपरीवर वडापाव आणि कटिंग पाजलं. एवढीच ऐपत.

त्याच मे महिन्यात साताऱ्याला आमच्या ओम्नीचं इंजिन खोललं. आप्पा त्या गाडीतून शाळेची पोरं ने-आण करतात. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, इंजिन पुढच्या सीटखाली. बोअर झिजले होते, म्हणून रिबोअर करून पॉइंट पन्नास ओव्हरसाईज पिस्टन टाकायचे ठरलं. गॅरेज पंधरा वर्षांच्या ओळखीतलं. मालकांना आम्ही सगळे मामाच म्हणतो. सुट्टीत मी रोज तिथे जाऊन बसायचो. एक दिवस मामा म्हणाले, "इंजिनियर, नुसतं बघतोस काय? रिंगा चढव की." एक पिस्टन मी तयार केला. मधला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, गाडी सुरू झाली आणि मागून निळा धूरही. सहाशे किलोमीटरला लिटरभर ऑईल! सीटमागे ऑईलचा डबा कायमचा मुक्कामाला. एका मुलाच्या आईनं आप्पांना विचारलं, "काका, धुराचा पोरांना त्रास नाही ना व्हायचा?" आप्पांकडे उत्तर नव्हतं. मामा म्हणाले, "नव्या रिंगा बसायला वेळ लागतो, हजारभर किलोमीटर जाऊ द्या." ते खोटं नाही. होन केलेला बोअर आणि नवी रिंग एकमेकांना घासूनच जुळतात. पण दीड हजार झाले, दोन हजार झाले, धूर तसाच.

मग गणपतीच्या सुट्टीत आमची एंट्री. लायब्ररीतल्या पुस्तकात होतं की उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा आणि खाली आल्यावर पुन्हा दाबायचा. तेव्हा निळा लोट आला, तर व्हॉल्व्हचे सील नाहीतर गाईड गेले समजायचं. यवतेश्वरचा घाट उतरलो. मागे मित्र बाईकवर, निरीक्षणासाठी. खाली पाय दाबला आणि बिचाऱ्याचं तोंड निळ्या ढगात गेलं. वर कॉम्प्रेशन टेस्ट केली, तर तिन्ही सिलिंडर बाराच्या आसपास. म्हणजे रिंगा ठणठणीत. केस क्लोज!

"मामांनी जुनेच सील परत टाकले असणार," मी आप्पांना छातीठोकपणे सांगितलं. आप्पांनी ते मामांना ऐकवलं, तेही चार गिऱ्हाइकांसमोर. मामा काहीच बोलले नाहीत. हेड उतरवलं, नवे सील टाकले, नवी गॅस्केट टाकली. पैसे आप्पांचे. हेड उतरल्यावर मी वाकून बघितलं. दोन पिस्टनांच्या डोक्यावर काळपट थर होता, पण मधल्याची कड गोलाकार अगदी चकचकीत. मला वाटलं, वा, हा सिलिंडर किती स्वच्छ जळतोय!

धुरात फरक शून्य.

पुढचा महिनाभर हॉस्टेलवर डोक्यात तेच. एका रात्री सबमिशनसाठी रिंगचा सेक्शन काढत होतो. दुसऱ्या रिंगची बाहेरची कड किंचित तिरपी असते. खालची धार बोअरला टेकते आणि तेल खाली खरवडते. म्हणूनच तिच्या तोंडाजवळ बारीक खूण असते, ती वर ठेवायची. उलटी बसवली तर तीच धार तेल खालून वर आणते. गॅस मात्र बऱ्यापैकी अडवला जातो, म्हणून कॉम्प्रेशन छान येतं! गेज फक्त गॅसचं सांगतं, तेलाचं नाही. आणि उतारावर पाय काढल्यावर सिलिंडरमध्ये जो व्हॅक्यूम तयार होतो, तो तेल गाईडमधूनच ओढेल असं थोडंच आहे? रिंगांमधूनही ओढतो. चकचकीत कडेचाही उलगडा झाला. वर येणारं तेल तिथला कार्बन धुऊन काढत होतं.

पेन्सिल खाली ठेवली. मे महिन्यात ती खूण मी बघितली होती का? कितीही ताण दिला तरी आठवेना.

दोन दिवस फोन करायचा टाळला. गप्प बसलो असतो तर कोणाला कळणार होतं? तिसऱ्या दिवशी मामांना लावला. "मामा, मधला पिस्टन काढून बघायचा का?"

"मधलाच का?"

"तो मी भरला होता."

पलीकडून बराच वेळ नुसता गॅरेजचा आवाज. मग म्हणाले, "दिवाळीला ये. तूच काढ."

दिवाळीच्या सुट्टीत काढला. दुसऱ्या रिंगवरची खूण खाली तोंड करून बसली होती. बाकी दोन पिस्टन मामांनी भरलेले, त्यांच्या खुणा वर. आप्पा शेजारीच उभे होते. मामा एवढंच म्हणाले, "रिंग उलटी बसलीय."

"मी बसवलीय," मी आप्पांना सांगितलं.

आप्पा माझ्याकडे बघतच राहिले. ओरडतील असं वाटलं, पण ते मामांकडे वळले. "त्या सीलच्या वेळी मी तुम्हाला चार माणसांत बोललो..."

"मी बी त्याला भरायला दिला आन् तपासला नाही," मामा हात पुसत म्हणाले. "चहा सांगा आधी." मग माझ्या हातात नवी रिंग दिली. "हं. खूण कुठाय दाखव."