वीस पैशांचा चंद्र

कोजागिरीचं दूध आटत आलं होतं आणि आजी अडून बसली होती. साल १९६९. हिंगण्याच्या आमच्या अंगणात भुलाबाईची गाणी संपली होती, खिरापत ओळखायची तेवढी राहिली होती.

"मानूस पाय ठेवून आला म्हन्ते. मंग आता नैवेद्य कसा दाखवाव वं?"

आईनं चुलीवरून गंज उतरवला. "आत्याबाई, चंद्र काही उष्टा होत नसते."

आजीनं हात जोडले.

आपल्या घड्याळात २१ जुलैच्या रात्री पावणेदोनला यान उतरलं होतं आणि सकाळी साडेआठच्या सुमारास आर्मस्ट्राँगचं पाऊल पडलं होतं. त्या कोजागिरीच्याच सुमारास आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स मुंबईत आले. मामा तेव्हा मुंबईला नोकरीत होता. १९ नोव्हेंबरला टपाल खात्यानं या मोहिमेवर २० पैशांचं तिकीट काढलं, ते मामाच्या पत्रावर चिकटून आमच्याकडे आलं.

बाबांनी पाकिटाचा कोपरा कापून वाटीभर पाण्यात सोडला. कागद फुगला, डिंक सुटला, तिकीट अलगद वेगळं झालं. ते वर्तमानपत्रावर पालथं वाळत पडलं असताना मी शेजारून हलले नाही. शिक्क्याची काळी कमान अजून त्याच्या कोपऱ्यावर आहे.

आधी कंपासपेटीत, मग लग्नाच्या ट्रंकेत, असं ते माझ्यासोबत फिरलं. शाळेत आम्ही चंद्र कोरडा ठणठणीत म्हणून शिकलो. २००८ साली चांद्रयान-१ गेलं आणि पुढच्या वर्षी तिथल्या मातीत पाण्याचे अंश सापडल्याचं जाहीर झालं, तेव्हा मला पहिल्यांदा बाबांची ती वाटी आठवली. ७ सप्टेंबर २०१९ च्या रात्री चांद्रयान-२ चा लँडर विक्रम चंद्रापासून जेमतेम दोन किलोमीटरवर असताना संपर्क तुटला. घरातलंच कुणी हरवावं तशी मी रडले. त्यात मला आजही काही वावगं वाटत नाही. ज्याला आपण मामा म्हणतो, त्याच्या दारातून परत फिरणं लागणारच.

चार वर्षांनी, २३ ऑगस्ट २०२३ ला, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम दक्षिण ध्रुवाजवळ उतरला. त्या भागात तोवर कुणीच उतरलं नव्हतं. आई ८६ वर्षांची. टीव्हीसमोरून न उठता तिनं एवढंच सांगितलं, "दूध आटव."

कोजागिरीला दोन महिने होते. श्रावणातल्या सप्तमीला आमच्याकडे दूध आटलं, आणि पहिली वाटी चंद्राला दाखवली.