मैं नै करता

स्पेशल स्कूल अठराव्या वर्षी संपते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क आहे, तो सहा ते अठरा या वयासाठी. अठरा पूर्ण झाली म्हणून कुणाचा डाउन सिंड्रोम किंवा ऑटिझम सरत नाही, पण शाळेची रिक्षा दारात यायची थांबते. डबा भरायचा थांबतो. गॅदरिंगचा चमचमता झगा ट्रंकेत जातो. पुढे तो माणूस घरात दिसतो, लग्नात दिसतो आणि हळूहळू दिसेनासा होतो. डाउन सिंड्रोम असलेली माणसं आता पन्नाशी-साठी गाठतात. म्हणजे शाळेनंतरचं आयुष्य शाळेच्या तिपटीचं झालं, आणि त्या तिपटीसाठी आपल्याकडे फारसं काही ठरवलेलंच नाही.

माझे छोटे मामू बावन्न वर्षांचे आहेत. मिरजेला सतारमेकर गल्लीच्या मागे नानीचं घर. लहानपणापासून मामू शेजारच्या कारखान्यात बसायचे, पॉलिश पेपरने भोपळे घासायचे. तंबोऱ्याचा भोपळा घासायला घाई चालत नाही, आणि मामूंना घाई कधी नव्हतीच. तिथले चाचा म्हणायचे, याच्या हाताला सबर आहे. ते गेले, त्यांच्या मुलांनी धंदा बदलला आणि मामूंचा ओटा सुटला. (घरातले थोरले मामूंना ‘तो’ म्हणतात. मी भाची असल्याने ‘ते’ म्हणते. त्यांच्याहून लहान असलेले पाहुणेसुद्धा ‘तो’ म्हणतात, हे मात्र खटकतं.)

मामूंची खासियत म्हणजे नक्कल. आमचे एक खालू बँकेत होते. नोटा मोजताना अंगठा जिभेला लावायचे, मग चष्म्यावरून समोरच्याकडे असं बघायचे की त्याला आपलंच खातं बुडाल्यासारखं वाटावं. मामू ते जसंच्या तसं करायचे, अंगठ्याचा कोनसुद्धा तोच. प्रत्येक लग्नात जेवणं झाली की कुणीतरी हाक मारायचं, मामूंना मधे उभं करायचं आणि पोरंटोरं पोट धरून हसायची. अशाच एका वलीम्याला मामूंनी खुर्ची सोडली नाही. म्हणाले, “मैं नै करता.” आईस्क्रीम दाखवलं, शंभराची नोट दाखवली. मामू बसून राहिले. सगळे म्हणाले, आज मूड नाही त्याचा. मूड वगैरे काही नव्हतं. त्यांनी नकार दिला होता. पण नकार द्यायला समोरच्याने आपल्याला मोठा माणूस मानलेलं असावं लागतं. तसं नसेल तर नकाराचा रुसवा होतो.

असा नकार मला पुढे एका नाटकात भेटला. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ जीलाँग नावाचं शहर आहे. तिथे १९८७ मध्ये ‘बॅक टू बॅक थिएटर’ ही नाटक मंडळी सुरू झाली. तिचे नट बौद्धिक अक्षमता किंवा ऑटिझम वगैरे असलेले प्रौढ आहेत, व्यावसायिक आणि मेहनताना घेणारे. इलाजासाठी किंवा वेळ जावा म्हणून ते येत नाहीत, कामावर येतात. त्यांचं २००५ चं ‘स्मॉल मेटल ऑब्जेक्ट्स’ हे नाटक रेल्वे स्टेशनसारख्या गजबजलेल्या जागी होतं. प्रेक्षक एका बाजूला पायऱ्यांवर बसतात, कानाला हेडफोन. नट गर्दीत मिसळलेले, अंगावर छोटे माइक. दोन मित्र गप्पा मारताहेत ते कानात ऐकू येतं, पण ते आहेत कुठे हे गर्दीत शोधावं लागतं. मिरज जंक्शनच्या गर्दीत अशा दोघांना आपण आयुष्यात कधी शोधलं नसतं. मग एक सूटबूटवाला येतो. त्याला काहीतरी माल हवाय, सौदा ठरतो. पण दोघांपैकी एक, स्टीव्ह, जागचा हलत नाही. तो विचार करतोय. त्याचा मित्र त्याला सोडून जायला तयार नाही, म्हणून सौदाच अडतो. पैसे वाढवून बघतात, एक बाई मानसोपचाराची भाषा बोलून बघते, पुढे आणखी हलक्या आमिषावर येते. स्टीव्ह हलत नाही. बाजारात ज्याची किंमत शून्य, त्याने उभं राहून बाजार थांबवला. मी ते प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, चित्रफितींच्या तुकड्यांतून आणि त्यावरच्या लेखांतून जोडलंय. तरी स्टीव्ह उभा राहिला तिथे मला वलीम्याची ती प्लास्टिकची खुर्ची दिसली.

या मंडळींचं जास्त गाजलेलं नाटक २०११ चं, ‘गणेश व्हर्सेस द थर्ड राईश’. हिटलरने पळवलेलं स्वस्तिक परत आणायला गणपती जर्मनीला निघतो, अशी कथा. पण त्या कथेच्या आजूबाजूला तालीमच चालू असते आणि नट आपसात भांडत असतात. ही गोष्ट सांगायचा आपल्याला हक्क आहे का? दुसऱ्यांचा देव, दुसऱ्यांचा नरसंहार, आपण कोण? प्रश्न बरोबरच आहे, पण त्याला आणखी एक पदर आहे. ज्यूंच्या आधी नाझींनी गॅस वापरला तो अपंगांवर आणि मनोरुग्णांवर. १९४१ पर्यंत सत्तर हजारांहून अधिक माणसं त्यांनी त्या योजनेत मारली. तेव्हा स्टेजवरच्या या नटांचा हक्क काढायला आपण कोण, हाही प्रश्न उभा राहतो. नाटकातला दिग्दर्शक धडधाकट आहे, समजूतदार आहे, आणि बघता बघता दादागिरीवर उतरतो. शेवटी तो एका नटाशी लपंडाव मांडतो. नट टेबलाखाली लपतो. दिग्दर्शक निघून जातो. अशा माणसांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाने, त्यात मीही आले, तेवढा एक प्रसंग बघावा. आपण किती चांगले आहोत या भरात असताना तर जरूर.

२०२२ मध्ये या मंडळींना नॉर्वेचा आंतरराष्ट्रीय इब्सेन पुरस्कार मिळाला आणि २०२४ मध्ये व्हेनिसच्या नाट्य बिएनालेत जीवनगौरवाचा सुवर्णसिंह.

आपल्याकडे काय आहे? मुंबईत कांचन सोनटक्के यांच्या ‘नाट्यशाला’ने अपंग मुलांना घेऊन मराठी रंगमंचावर मोठं काम केलं. पण ती मुलं. मोठ्यांसाठी पडदा आहे, आणि त्यावर बहुतेकदा त्यांच्याऐवजी दुसराच असतो. ‘चौकट राजा’ १९९१ चा. दिलीप प्रभावळकरांचा नंदू बघून आमच्या घरातली बायामाणसं पदर ओले करून आली होती, मामूही सोबत होते. प्रभावळकर थोर नट, त्यात वाद नाही. पण पडद्यावर नंदू, पडद्यामागे प्रभावळकर, आणि खुर्चीत मामू, ज्यांना त्या संध्याकाळी कुणी विचारलं नाही की पिक्चर कसा वाटला. २०२५ च्या ‘सितारे जमीन पर’मध्ये तशी माणसंच त्या भूमिकांत आली, हे मोठंच पाऊल. तिकीटबारीवर चाललंही.

सांगलीला आमचा जो रविवारचा गट आहे तो असल्या कुठल्या यादीत येणार नाही. दोन निवृत्त शिक्षिका चालवतात. एकीची नोकरी विशेष मुलांच्या शाळेत गेली, दुसरीची हयात राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींत. एका मंगल कार्यालयाची जेवणाची पंगत-खोली त्यांना फुकट मिळते, मुहूर्त नसेल त्या रविवारी. त्यामुळे लग्नसराई म्हणजे आमची सुट्टी. नऊजण आहेत, सगळ्यात धाकटी बावीसची, सगळ्यात थोरले मामू. मामू त्याला ‘ऑफिस’ म्हणतात. शनिवारी रात्री घड्याळ उशाशी ठेवतात.

सुरुवात दर वेळी तीच. चपला रांगेत, खुर्च्या गोल, एक टाळी एकाकडून दुसऱ्याकडे द्यायची. तेच ते केल्याशिवाय नवं काही करता येत नाही, हे बाई ठामपणे सांगतात. संहिता वाटत नाहीत. प्रसंग देतात: एसटी आली नाही. बोला. जो जे बोलेल ते मोबाइलवर रेकॉर्ड होतं, बाई घरी उतरवून काढतात आणि पुढच्या रविवारी वाचून दाखवतात, “हे तुम्ही म्हणालात. ठेवायचं?” कुणी ठेवतं, कुणी काढायला लावतं. एकाने आपलं सगळं बोलणं काढून टाकलं आणि फक्त पिशवी घेऊन उभा राहिला. तेही ठेवलं.

एसटी स्टँडच्या त्या नाटकात मामूंनी कंडक्टर मागून घेतला. पहिल्याच तालमीत तिकीट देताना त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि चष्म्यावरून बघितलं. खालूंना जाऊन चार वर्षं झाली होती. मी भिंतीला टेकून उभी होते. कुणी “करून दाखव” म्हटलं नव्हतं. कंडक्टरला लागत होतं म्हणून त्यांनी ते आपल्या गाठोड्यातून काढलं होतं.

घरात सगळे खूश होते असं नाही. बडे मामू म्हणाले, “लोकं हसतील.” एका चाचींना नाटक हा प्रकारच आपल्यातला वाटेना. चाचींचं सोपं होतं. ज्या गल्लीतल्या तंबोऱ्यांच्या साथीने संगीत नाटकं गायली गेली, तिथे बसून नाटक परकं म्हणायचं म्हणजे कमाल आहे. बडे मामूंचं सोपं नव्हतं. झुरिकची ‘थिएटर होरा’ १९९३ पासून अशीच नाटकं करते. त्यांनी २०१२ मध्ये जेरोम बेल या फ्रेंच नृत्यदिग्दर्शकाबरोबर ‘डिसेबल्ड थिएटर’ केलं. त्यात एकेक नट येऊन प्रेक्षकांसमोर एक मिनिट नुसता उभा राहतो. मग नाव, वय, धंदा सांगतो: मी नट. त्यावर युरोपात मोठा वाद झाला, हे प्रदर्शन नाही का म्हणून. त्याच प्रयोगात एक नट सांगतो की आईला हा तमाशाच वाटला, पण आवडला. त्याच्यासोबतच्या युलिया हॉयझरमान हिला पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये तरुण नटांसाठीचा आल्फ्रेड केर पुरस्कार मिळाला, तरी वाद काही मिटला नाही. मिटूही नये. माझ्यापुरतं मी असं बघते की हसणं कुणी सुरू केलं. मामूंनी हसवलं तर ते त्यांचं काम झालं.

आपल्या घरांत अशा माणसाला कुणी वाईट वागवत नाही. मासूम म्हणतात, जन्नती म्हणतात, त्याची दुआ घेतात. ज्याला समज नाही त्याच्यावरचा हिशोब दीनने उचलून घेतला आहे आणि त्यात मोठी रहमत आहे. पण हिशोब उचलला म्हणजे मर्जीही उचलली, असं मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. मामू जुम्म्याला सफमध्ये उभे राहतात, कोपराला कोपर लावून. त्यांची एक हरकत चुकत नाही. तिथे त्यांना कुणी मधे उभं करत नाही आणि मागेही ढकलत नाही. मोठ्या माणसांच्या रांगेतली एवढीच एक जागा त्यांना मिळाली होती. आता दोन झाल्या.

नाटकाने पोट भरत नाही हेही खरं. नऊपैकी एकालाही पगाराचं काम नाही. गावात दिवसभराचं केंद्र हवं, धड रस्ते हवेत, आई-बापांच्या माघारी राहायला घर हवं. नाटक त्यातलं काही देत नाही, आणि सरकारने नाटकाचं निमित्त करून बाकीचं टाळावं असं तर मुळीच नको.

प्रयोग झाला त्याच पंगत-खोलीत, साठेक खुर्च्या. बावीसची ती मुलगी बोलत नाही, तिच्याकडे एसटीची घंटी होती. दोरी हातात धरून ती थांबली. दहा सेकंद, वीस सेकंद. मागून कुणीतरी “वाजव, वाजव” म्हणालं, तर बाईंनी नुसता हात वर केला. पंखा ऐकू येत होता. मग तिने घंटी वाजवली, एकदाच, आणि गाडी सुटली.

त्याआधी एक फॉर्म आला होता. नानी गेल्यावर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कलेक्टरांच्या समितीकडून अम्मी मामूंची कायदेशीर पालक झाली. म्हणून प्रयोगाच्या आणि फोटोच्या परवानगीवर सही तिची लागायची. बाईंनी त्या ओळीखाली पेनाने आणखी दोन ओळी आखल्या आणि मामूंना विचारलं. मामूंनी दोन रविवार घेतले. तिसऱ्या रविवारी ‘स्टेज’ समोर आपलं नाव लिहिलं, उर्दूत, नानीने शिकवलेलं, शेवटचा नुक्ता विसरून. ‘फोटो’ समोर बोट ठेवलं आणि म्हणाले, “मैं नै करता.”

खानदानच्या ग्रुपवर अजून फोटो मागताहेत. बडे मामूंनी तर दोनदा विचारलं. अम्मीने लिहिलं, फोटो नाही, पुढचा प्रयोग डिसेंबरात आहे, मुहूर्त नसलेल्या रविवारी.